पायाखालची जमीन शाळेत कशी न्यावी?



ऊस, पाणी, खत आणि भाव हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. या अंकात शाळेचा विषय घेतला आहे. वाचून झाल्यावर हा विषयही ऊस-पाण्याचाच आहे, असे आपल्या ध्यानात येईल.

आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जा आणि सहावी-सातवीच्या मुलांना विचारा, "ज्वालामुखी कोठे असतो?" मुले चटकन सांगतील, जपानात, इटलीत. पुढे विचारा, "आपल्या गावचा खडक कोणता? तो आला कोठून?" वर्ग गप्प होतो. वास्तविक ज्या फरशीवर ती मुले बसलेली असतात तिच्याखाली काही फुटांवर ज्वालामुखीचाच खडक असतो. सगळा गाव त्यावर वसलेला असतो.

यात गुरुजींना बोल लावून उपयोग नाही. पाठ्यपुस्तक सबंध राज्यासाठी असते, त्यात एकेका गावाचा खडक कसा यावा? गुरुजी-बाई पुष्कळदा बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात. कोकणातल्या तांबड्या मातीत वाढलेल्या बाईंना 'मांजऱ्या' म्हणजे काय हे कसे ठाऊक असणार? शाळेच्या कपाटात खडकांची एखादी पेटी असते, तर तीत संगमरवर नि ग्रॅनाइट असतात, तेही चिठ्ठ्या गळून पडलेले. एकंदरीत असे झाले आहे, की आपल्या शेतकऱ्याला जमिनीची नावे माहीत आहेत पण कारणे माहीत नाहीत, आणि गुरुजींना कारणे माहीत आहेत पण नावे माहीत नाहीत. या दोघांची गाठ घालून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

याचे मोल मोठे आहे. विहीर कोठे घ्यावी, बोअर किती खोल न्यावे, पाणी किती द्यावे, जमीन चोपण का झाली, हे निर्णय आज शाळेत बसलेली मुलेच उद्या घेणार आहेत. शेजाऱ्याला तीनशे फुटांवर पाणी लागले नाही म्हणून आपण सहाशेवर जायचे आणि कर्ज डोक्यावर घ्यायचे, असे प्रकार आपण सगळेच पाहतो. जमिनीचे चार धडे लहानपणी गिरवले असते तर त्यातले काही पैसे नक्की वाचले असते.

आपला खडक झाला कसा?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हा वाहिला. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा डोंगर सगळीकडे नव्हता. काकवी काहिलीतून सांडावी तसा तो पातळ रस दूरवर पसरला आणि थिजला. त्यावर काही काळाने दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा पाचांपैकी चार भागांहून अधिक प्रदेश त्याने व्यापला आहे. पुस्तकात त्याला बेसाल्ट किंवा असिताश्म म्हणतात. आपण त्याला काळा पाषाण, कातळ म्हणतो. दोन्ही एकच.

सह्याद्रीकडे हे थर फार जाड आहेत. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर म्हणजे अशाच थरांची चळत. पूर्वेकडे ते पातळ होत जातात. कोयनेजवळ गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, ते २०१७ मध्ये पुरे झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपून खालचा जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतले तेव्हा तोच जुना खडक साडेतीनशे मीटरच्या आत लागला होता.

डोंगराच्या उतारावर दिसणाऱ्या पायऱ्या मुलांना दाखवाव्यात. टणक थराचा उभा कडा होतो आणि मऊ थराची झिजून सपाटी होते. आपल्या पूर्वजांनी किल्ले बांधले ते हेच कडे पाहून.

विहीर हेच पहिले पुस्तक

पृथ्वीच्या पोटाचा छेद दाखवण्यासाठी शाळेला महागडे तक्ते लागत नाहीत. गावात खणलेली नवी विहीर हाच छेद. वरून खाली पाहत गेले की साधारण असा क्रम दिसतो: वर काळी माती, तिच्याखाली पांढुरक्या चुनखडीच्या खड्यांची माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या, विटेसारख्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थिजला, त्याच्या माथ्याची माती झाली, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला, हे त्या तांबड्या पट्ट्यावरून कळते.

मांजऱ्यामध्ये बारीक-मोठी भोके असतात. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर आला, त्याच्या या जागा. उकळत्या गुळाची ढेप मोडली की तीत जशी छिद्रे दिसतात, तसेच. पुढे पाण्याबरोबर आलेले क्षार त्या भोकांत साचून पांढरे, हिरवट, चकचकीत स्फटिक तयार झाले. मुले त्यांना गारा, गारगोट्या म्हणून खिशात भरतात. त्यांतील बरेचसे झिओलाइट जातीचे आणि त्यांच्या सोबतीची खनिजे असतात, आणि महाराष्ट्रातील हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळ वाघोलीला सापडणारे निळेभोर कॅव्हान्साइट तर जगातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

आता पाण्याचे बघा. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मावायला जागाच नाही. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या झिजलेल्या भागात आणि पाषाणाच्या भेगा-सांध्यांत. म्हणून जास्त खोल गेले की जास्त पाणी, हा हिशेब आपल्या खडकात चालत नाही. खाली भेग किंवा दुसऱ्या थराचा सच्छिद्र माथा लागला तर पाणी, नाहीतर नुसती पांढरी धूळ. नारळ हातात घेऊन शिवारात फिरणाऱ्यापेक्षा हे एवढे समजलेला सातवीचा मुलगा बापाला अधिक उपयोगाचा सल्ला देईल.

शाळेने गावातील कठडा असलेल्या दोन-तीन विहिरी निवडाव्यात. दोरीला हात-हातावर गाठी मारून तिला वजन बांधावे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाण्याची खोली मोजून तक्त्यावर लिहावी. दोन वर्षांत पावसाचा, कालव्याच्या आवर्तनाचा आणि उपशाचा परिणाम मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. सरकारचे भूजल खाते राज्यभरातील निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा हेच काम करते.

मातीच्या तीन परीक्षा

माती ही शेतकऱ्याच्या घरचीच वस्तू. तिच्या परीक्षा फुकट होतात.

पहिली परीक्षा बाटलीची. काचेच्या उभ्या बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि बाकी पाणी घालून चांगले हलवावे व ठेवून द्यावे. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजावेत. नदीकाठची मळीची, माळावरची मुरमाड आणि मधली भारी काळी अशा तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की कोणत्या जमिनीला पाणी लवकर द्यावे लागते, हे गुरुजींना सांगावे लागत नाही.

दुसरी परीक्षा चोपणाची. स्वच्छ बशीत पावसाचे पाणी घ्यावे. विहिरीचे घेऊ नये, कारण त्यातल्या क्षारांमुळे परीक्षा फसते. त्यात वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि न हलवता ठेवावे. चांगल्या मातीचे ढेकूळ विरघळून पसरले तरी वरचे पाणी निवळ राहते. चोपण मातीच्या ढेकळाभोवती मात्र दुधासारखे गढूळ वलय पसरते. सोडियम वाढला की मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहत नाहीत. तेच कण शेतात छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरेनासे होते.

तिसरी परीक्षा चुनखडीची. काळ्या मातीतला पांढरा खडा कुटून त्यावर लिंबू पिळावे. बुडबुडे आले तर चुना आहे. हा चुना आला कोठून? काळ्या पाषाणातच कॅल्शियम असते. पाषाण झिजतो, पाणी ते विरघळवून खाली नेते, आणि कोरड्या हवेत ते खडे होऊन साचते.

येथे मुलांना खारवट आणि चोपण यांतला फरक सांगावा, कारण मोठी माणसेही त्यात गफलत करतात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार फार, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, पण सामू बहुधा साडेआठाच्या आत असतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू साडेआठाच्या वर जातो आणि जमीन ओली असता चिकट, वाळली की दगड होते. खारवटाला निचरा आणि गोडे पाणी हा उपाय. चोपणाला त्याबरोबर माती परीक्षणानुसार जिप्सम आणि ताग-धैंचासारखे हिरवळीचे खतही लागते. निचऱ्याचा चर काढल्याशिवाय नुसते जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

पाऊस मोजा, नदी वाचा

आपल्या नदीचेच उदाहरण घेऊ. प्रवरेच्या उगमाकडे रतनवाडी-घाटघर भागात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीच नदी श्रीरामपूर-नेवाश्याकडे येते तेथे पाऊस पाचशे-सहाशेवर येतो. उसाला त्याच्या तिपटीहून अधिक पाणी लागते. म्हणजे आपला ऊस वाढतो तो दुसऱ्याच्या शिवारात पडलेल्या पावसावर, १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणावर आणि कालव्यावर. बाहेरून आलेल्या पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. दख्खनच्या कालव्यांवर पाणथळ आणि खारवट जमिनींचा प्रश्न स्वातंत्र्यापूर्वीपासून आहे, त्याचे मूळ येथे आहे. भूगोलाचा याहून जवळचा धडा कोणता?

पाऊस मोजण्यासाठी सरळ कडेचा डबा आणि पट्टी पुरते. गणिताच्या तासाला हिशेब घालावा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकरावर ते चार हजार लिटरांहून थोडे जास्त भरते. पंचवीस मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे एकरी लाखभर लिटर. हा आकडा मुलांनी घरी सांगितला की बांधबंदिस्तीचे महत्त्व निराळे पटवावे लागत नाही.

सहल काढावयाची तर दूर कशाला जावे? पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे पाहावेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे गरगर फिरून पाषाणाला भोके पाडतात, हे तेथे समजते. ज्ञानेश्वरीमुळे नेवासे सर्वांना ठाऊक आहे. त्याच नेवाश्याला प्रवरेच्या गोट्या-वाळूच्या जुन्या थरांत डॉ. ह. धी. सांकलिया यांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ पासून तेथे उत्खनन केले. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची असावी, असे संशोधक सांगतात. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याआधीच्या, यावर त्यांच्यात वाद आहे. असा वाद मुलांना जरूर सांगावा. विज्ञानात सगळे ठरून गेलेले नसते, हेही शिकण्यासारखेच आहे.

कारखानाही दाखवावा

मुले कारखाना पाहावयास येतात, गव्हाण नि साखरेची पोती पाहून परत जातात. त्यांना चुन्याची आणि गंधकाची जागाही दाखवावी. रस निवळ करण्यासाठी आपण चुन्याची निवळी घालतो आणि गंधक जाळून त्याचा वायू सोडतो. चुना चुनखडीचा, गंधकही मुळात भूगर्भातला. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात कारखान्याला पुरेल अशी चुनखडी नसते, ती बाहेरून आणावी लागते. का आणावी लागते, या एका प्रश्नावर चांगला तास होतो. जेथे माती परीक्षण प्रयोगशाळा आहे तेथे सामू कसा मोजतात तेही मुलांना पाहू द्यावे.

कोणाकडे काय मिळेल?

गुरुजी-बाईंच्या सोयीसाठी थोडक्यात देत आहोत.

१) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा: जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालय असते. आपल्या पाणलोटाची माहिती आणि जवळच्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी येथे विचाराव्यात. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र द्यावे. भूवैज्ञानिकांना शाळेत एक तास बोलवावे.

२) भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण: १८५१ पासूनची संस्था, पुणे व नागपूर येथे कार्यालये. जिल्ह्याचे भूशास्त्रीय नकाशे 'भूकोश' या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात.

३) सर्व्हे ऑफ इंडिया: पन्नास हजारास एक या प्रमाणाचा नकाशा मिळवून भिंतीवर लावावा. त्यात ओढे, टेकड्या, जुन्या विहिरी, पायवाटा सापडतात. आपला मळा शोधण्यासाठी मुलांची झुंबड उडते.

४) महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी: १९६८ मध्ये स्थापना. माती व पाणी यांविषयी मराठीतून साहित्य आणि माणसे दोन्ही मिळतात. उसाच्या जमिनींबाबत फलटण तालुक्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आले आहे.

५) मराठी विश्वकोश: वाई येथे तयार झालेला. भूविज्ञानाच्या नोंदी सोप्या नसल्या तरी शुद्ध आहेत आणि आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पुस्तकी शब्द आणि आपला शब्द यांची जोड लावण्यास उपयोगी.

६) जिल्हा गॅझेटिअर: १८८४ चे इंग्रजी आणि १९७६ ची सुधारित आवृत्ती. नद्या, खडक, माती, जुने दुष्काळ यांची माहिती.

७) सिन्नरचे गारगोटी संग्रहालय: झिओलाइट व इतर खनिजांचे खाजगी संग्रहालय. सहलीच्या वाटेवर घेता येते.

आठवा आणि सर्वांत जवळचा ठेवा म्हणजे गावातले विहीर खोदणारे, दगड फोडणारे वडार बांधव आणि जुने शेतकरी. त्यांना वर्गात खुर्ची देऊन बसवावे. "आजोबा, हा कोणता दगड? याला सुरुंग कसा लागतो?" असे मुलांनी विचारावे आणि उत्तर वहीत उतरून घ्यावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकेका शाळेने आपल्या गावचे असे शब्द मांडले, तर वर्षभरात सगळ्या केंद्राचा कोश होईल. बदलीवर येणाऱ्या पुढच्या बाईंना तो आयता मिळेल.

एक खबरदारी

विहिरीत मुलांना उतरवू नये, बिनकठड्याच्या विहिरीजवळ नेऊ नये. चालू खडीखाणीत आणि पावसाळ्यात नदीपात्रात जाऊ नये. ऐतिहासिक जागेवरचा दगड वा खापर उचलून आणू नये. वहीत चित्र काढावे. खडक फोडणे गुरुजींनी करावे, आणि मुलांना लांब उभे करून.

सभासदांनी काय करावे?

मागणे थोडे आहे. या उन्हाळ्यात ज्यांची विहीर खणायची आहे त्यांनी काम सुरू होताच शाळेत निरोप धाडावा. थर बदलला की त्यातला नारळाएवढा एक तुकडा बाजूला काढावा आणि किती फुटांवर लागला ते खडूने त्यावर लिहावे. विहीर पुरी होईतो पाच-सहा तुकडे जमतील. ते शाळेच्या व्हरांड्यात खालचा खाली, वरचा वर असे मांडले की झाला त्या गावचा भूगर्भ. बोअर घेणाऱ्यांनी दर दहा फुटांची भुकटी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून द्यावी. कोरडे गेलेले बोअर असले तरी द्यावी. कोठे पाणी नाही हे कळणेही गावाच्या कामाचे असते.

माती परीक्षणाचा अहवाल पुष्कळांच्या घरी खुंटीला अडकवलेला असतो. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकाही मिळू लागल्या. ती पत्रिका एक दिवस मुलाच्या दप्तरात द्यावी. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे आकडे गुरुजी फळ्यावर समजावून देतील, आणि संध्याकाळी तेच पोर आपल्याला समजावून सांगेल. आपला नमुना कसा घ्यावा हेही ते शिकेल: बांध, उकिरडा व झाडाखालची जागा सोडून, शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन, सगळी माती मिसळून अर्धा किलो.

एका शाळेचे काम उभे राहावयास एक विहीर, तीन बाटल्या, एक दोरी आणि एक डबा एवढे भांडवल पुरे आहे. जमीन आपली, मुले आपली. विहिरीचा मुहूर्त ठरला की पहिला निरोप शाळेत पोहोचवा.